पदार्थविज्ञानाचीं उदाहरणें कशीं सोडवावीं ?

आठवी-नववी ओलांडून पुढें गेलेल्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाची जी धास्ती वाटते, तिचें मूळ सिद्धांतांत क्वचितच सांपडतें. तें उदाहरणांत असतें. न्यूटनचे गतिविषयक तीन नियम मुलांना तोंडपाठ असतात. घर्षण म्हणजे काय, ध्वनीला माध्यम कां लागतें, प्रतिध्वनि केव्हां ऐकूं येतो, या प्रश्नांचीं उत्तरेंहि तीं न अडखळतां देतात. पण तोच नियम एखाद्या पेटीला, विहिरीला किंवा धांवत्या गाडीला लावून दाखविण्याची वेळ आली कीं लेखणी थबकते. मग दिलेल्या आंकड्यांची यादी होते, ते आंकडे ज्यांत बसतील असें एखादें सूत्र धुंडाळलें जातें, गुणाकार-भागाकार होतात, आणि जें उत्तर येईल त्याखालीं दुहेरी रेघ ओढून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तें उत्तर जगांत घडूं शकेल कीं नाहीं, हा विचार त्याच्या मनाला शिवतहि नाहीं.

या रीतीनें पुष्कळदां गुणहि मिळतात, आणि तिच्यांतला खरा धोका हाच आहे. गुण मिळत गेले म्हणजे आपली पद्धति बरोबर आहे असा समज दृढ होतो. आणि ओळखीचें सूत्र जेथें लागूं पडत नाहीं अशा पहिल्याच प्रसंगीं सारा डोलारा कोसळतो. आमच्या मतें पदार्थविज्ञानाचें उदाहरण हें अंकगणिताचें कोडें नव्हे. ती दोन-तीन ओळींत सांगितलेली एक घटना असते. कोणी तरी कांहीं तरी ढकलीत असतें, कांहीं तरी घसरत असतें, कोठें तरी आवाज झालेला असतो. ती घटना आधीं डोळ्यांपुढें उभी करावी, मग आंकडे मांडावे, आणि आलेल्या उत्तराची शेवटीं त्याच घटनेशीं पुन्हां गांठ घालून द्यावी, एवढेंच आम्हांला या लेखांत सांगावयाचें आहे. त्यासाठीं आम्ही घरांतलीं आणि घराबाहेरचीं नित्याचींच उदाहरणें घेणार आहों. आईवडिलांनीं शास्त्राची पदवी घेतलेली असलीच पाहिजे असें नाहीं. हिशेबाची संवय आणि थोडी चिकित्सक बुद्धि असली म्हणजे पुरे.

प्रथम एक लोखंडी कपाट घेऊं. त्याचें वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. फरशी व कपाट यांमधील स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४ आहे, आणि एक मुलगा तें १५० न्यूटन बलानें सरळ आडवें ढकलीत आहे. तर कपाटावर घर्षणाचें बल किती ? सूत्र सर्वांना ठाऊक असतें : फरशी कपाटाला ज्या बलानें वर तोलून धरते, त्या अभिलंब बलाला घर्षणगुणांकानें गुणावें. ६० ला ९.८ नें गुणिलें म्हणजे ५८८ न्यूटन, त्याला ०.४ नें गुणिलें म्हणजे सुमारें २३५ न्यूटन. गुणाकार निर्दोष आहे. पण एक पाऊल पुढें टाकून पाहा. मुलगा १५० न्यूटननें पुढें ढकलतो आणि घर्षण २३५ न्यूटननें मागें लोटतें. म्हणजे ८५ न्यूटन बल मागच्या दिशेनें शिल्लक राहिलें, आणि कपाट ढकलणाऱ्या मुलाच्याच अंगावर चालून आलें पाहिजे! असें कपाट कोणाच्या घरांत कधीं पाहण्यांत आलें आहे काय ?

खरें उत्तर १५० न्यूटन हें आहे. कपाट जागचें हललेलें नाहीं. अर्थात् त्यावरील आडव्या बलांची बेरीज शून्य असली पाहिजे. अर्थात् मुलाचें बल जितकें, तितकेंच घर्षणाचें. त्यानें ५० न्यूटन बल लावलें तर घर्षण ५० न्यूटन, १०० लावलें तर १००, आणि हात काढून घेतला तर शून्य. ‘जशास तसें’ हें स्थितिक घर्षणाचें ब्रीद आहे. मात्र त्याला एक मर्यादा असते. २३५ न्यूटन ही ती मर्यादा. बल तिच्या पलीकडे गेलें म्हणजे कपाट सरकूं लागतें, आणि एकदां सरकूं लागलें कीं घर्षण बहुधा थोडें कमी होतें. जड वस्तु हलवितांना पहिला रेटाच कां जड जातो आणि ती सुरू झाल्यावर हात हलका कां वाटतो, याचा उलगडा येथेंच होतो. सूत्र खोटें नव्हतें; तें मर्यादा सांगत होतें आणि आपण तिला किंमत समजलों.

हे नियम कोणाच्या कल्पनेंतून निघालेले नाहींत, हेंहि मुलांना सांगितलें पाहिजे. फ्रान्समध्यें आमाँताँ यानें १६९९ सालीं घर्षणाचे नियम मांडले आणि कूलाँ यानें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगांनीं त्यांना बळकटी आणली. त्यांच्याहि पूर्वीं लिओनार्दो द व्हिंची याच्या टिपणवह्यांत या विचाराचीं चिन्हें दिसतात. घर्षण हें वस्तूच्या भाराच्या प्रमाणांत वाढतें, पण टेकलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर तें अवलंबून नसतें, ही त्यांतली नवलाची गोष्ट. वीट आडवी ठेवून ओढली काय किंवा उभी ठेवून ओढली काय, बल जवळजवळ सारखेंच लागतें. एक वीट, एक दोरी आणि स्वयंपाकघरांतला किंवा रद्दीवाल्याकडचा तराजूचा कांटा, एवढ्या सामग्रीवर कोणत्याहि मुलाला याची प्रचीति घेतां येईल. आणि अशी एकदां घेतलेली प्रचीति दहा वेळां पाठ केलेल्या नियमापेक्षां अधिक काळ टिकते.

कपाटाच्या उदाहरणावरून आम्ही तीन प्रश्न काढतों. पहिला : गोष्ट कोणत्या वस्तूची चालली आहे ? दुसरा : त्या वस्तूला कोण कोण स्पर्श करीत आहे ? कारण या पायरीवरच्या उदाहरणांत, दुरून ओढणारी पृथ्वी सोडली, तर जें बल लागतें तें स्पर्शानेंच लागतें. स्पर्श करणारे मोजले कीं बलें मोजून होतात. तिसरा : आलेलें उत्तर घडूं शकेल काय ? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सूत्राला हात लावावयाचा नाहीं, असा दंडक घरांत घालून दिला तर अर्धी लढाई तेथेंच जिंकली जाईल.

पहिला प्रश्न दिसावयास बाळबोध, पण मोठमोठ्यांना चकविणारा आहे. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो कीं बैल गाडीला जितक्या बलानें पुढें ओढतो तितक्याच बलानें गाडी बैलाला मागें ओढते. मग दोन्ही बलांची फिट्टंफाट होऊन गाडी जागच्या जागीं कां खिळून राहत नाहीं ? हा पेंच सुटतो तो पहिल्या प्रश्नानें. गोष्ट गाडीची असेल, तर गाडीवर लागणारीं बलेंच मोजावयाचीं : बैलाची ओढ पुढें, आणि चाकांना व आंसाला होणारा विरोध मागें. ओढ अधिक झाली कीं गाडी चालूं लागते. गाडीची बैलावरील ओढ ही बैलाच्या खात्यांत जमा होते, गाडीच्या नव्हे. आणि बैल तरी पुढें कशानें जातो ? तो खुरांनीं जमीन मागें रेटतो आणि जमीन घर्षणानें त्याला पुढें रेटते. म्हणून चिखलांत बैलाची शक्ति कायम असूनहि गाडी रुतते. घर्षण हें गतीचें वैरीच आहे असें मुलें समजतात. पण घर्षण नसेल तर चालणेंहि अशक्य, हें शेवाळलेल्या अंगणांत एकदां पाय घसरलेल्या माणसास वेगळें सांगावें लागत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाची किंमत कळण्यासाठीं प्रवासाची एक जड ट्रंक घेऊं. वस्तुमान ४० किलोग्रॅम, आणि सरकतांना लागणाऱ्या घर्षणाचा गुणांक ०.३. ती एकसारख्या गतीनें फरशीवरून न्यावयाची आहे. एक भाऊ तिला दोरी बांधून, आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करून वरच्या बाजूस ओढतो. दुसरा तितकाच कोन करून, वांकून, वरून खालीं तिरकें ढकलतो. कोणाला अधिक श्रम पडतील ? सूत्रावर विसंबणारा विद्यार्थी दोन्ही ठिकाणीं ४० ला ९.८ नें गुणून ३९२ न्यूटन हें अभिलंब बल धरतो, आणि दोघांचें काम सारखेंच ठरवितो. पण ट्रंकेला स्पर्श कोणाकोणाचा आहे तें पाहा. फरशीचा आहे, आणि दोरीचा किंवा हाताचाहि आहे. दोरी ट्रंकेला थोडी वर उचलते, म्हणून फरशीवरचा भार हलका होतो. हात तिला खालीं दाबतो, म्हणून तो भार वाढतो. हिशेब पुरा केला म्हणजे ओढणाऱ्याला सुमारें ११६ न्यूटन आणि ढकलणाऱ्याला सुमारें १६४ न्यूटन बल लावावें लागतें असें निघतें. क्रीडांगणावरचा जड रूळ माळी ढकलण्याऐवजीं ओढून नेतो, त्याच्या मागें हेंच शहाणपण आहे. अभिलंब बल म्हणजे वस्तूचें वजन, हें समीकरण वस्तु सपाट जागेवर असून तिला वरखालीं करणारें दुसरें कोणी नसेल तेव्हांच खरें. वर्गांत पहिलीं दहा उदाहरणें तशींच असतात, म्हणून तें अकराव्यालाहि चिकटतें.

आतांपर्यंतचीं उदाहरणें चुकलीं तर फार तर गुण जातील. पण घर्षणाचें एक उदाहरण असें आहे कीं तें चुकल्यास जीव जातो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या वाहनाचे ब्रेक पूर्ण दाबले, तर तें किती अंतरावर थांबेल ? वाहनाला थांबविणारें बल म्हणजे रस्त्याचें टायरवरील घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यासाठीं गुणांक ०.७ धरूं, ओल्या रस्त्यासाठीं त्याच्या निम्मा, ०.३५. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें १६.७ मीटर. या वेगाचा वर्ग करून त्याला गुणांक, ९.८ आणि २ यांच्या गुणाकारानें भागिलें म्हणजे अंतर निघतें : कोरड्या रस्त्यावर सुमारें २० मीटर, ओल्यावर सुमारें ४० मीटर. उत्तरांत वाहनाचें वस्तुमान कोठेंच नाहीं, हें पाहून मुलें गोंधळतात आणि आपलें कांहीं तरी राहिलें असें समजतात. राहिलेलें कांहीं नसतें. वाहन जितकें जड, तितकें तें थांबविणें अवघड. पण तितकेंच तें रस्त्यावर अधिक दाबलें जाऊन घर्षणहि वाढतें. दोन्ही बाजूंचें वस्तुमान छेदलें जातें. मात्र येथें ब्रेक आपलें काम चोख करीत आहेत असें गृहीत धरलेलें आहे. घाट उतरतांना जड मालमोटारीचे ब्रेक एकसारखे दाबून ठेवल्यानें तापतात आणि त्यांचा जोर ओसरतो. तेथें हें गृहीतच ढासळतें, आणि म्हणूनच उतारावर गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवण्याची सूचना घाटाघाटांतून लिहिलेली असते.

तिसरा प्रश्न येथेंहि विचारावयाचाच. वाहन खरोखर २० मीटरांत थांबेल काय ? नाहीं, कारण अडथळा डोळ्यांना दिसणें आणि पाय ब्रेकवर पडणें यांत वेळ जातो. तो १ सेकंद धरला तरी तेवढ्यांत वाहन आणखी १७ मीटर पुढें गेलेलें असतें. म्हणजे कोरड्या रस्त्यावर ३७ आणि ओल्यावर ५७ मीटर. आतां तोच ओला रस्ता आणि वेग ताशीं ३० किलोमीटर घ्या. ब्रेक लागल्यानंतरचें अंतर ४० चें १० वर येतें, विचारांत जाणारें अंतर १७ चें ८ वर येतें, आणि एकंदर १८ मीटर होतात. वेग निम्मा केला, तर अंतर निम्मेंहि नव्हे, एक-तृतीयांशाहूनहि कमी झालें. पहिल्या पावसांत रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा चिकट थर होतो, तेव्हां गुणांक आपण धरला त्याहूनहि खालीं जाऊं शकतो. घरांतला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दुचाकीची किल्ली उचलून जून महिन्यांत बाहेर पडते, तेव्हां ‘हळू जा’ असें शंभरदां सांगण्यापेक्षां हें उदाहरण एकदां त्यांच्याच हातून सोडवून घ्यावें. उपदेश कानांवरून जातो. स्वतः काढलेला आंकडा मनांत राहतो.

बलाच्या उदाहरणांत जी पद्धति, तीच ध्वनीच्याहि. फरक इतकाच कीं येथें ‘कोण स्पर्श करतें’ याऐवजीं ‘आवाज कोठून निघाला, कोठें गेला आणि त्याला किती वेळ लागला’ हें चित्र काढावयाचें. समोरच्या कड्याकडे तोंड करून हांक मारली आणि दीड सेकंदानें प्रतिध्वनि आला, तर कडा किती लांब ? ध्वनीचा हवेंतील वेग सेकंदाला ३४० मीटर धरून पुष्कळ विद्यार्थी ५१० मीटर असें उत्तर लिहितात. कागदावर माणूस आणि कडा काढून बाण ओढला असता, तर बाण जाऊन परत आलेला दिसला असता, आणि उत्तर २५५ मीटर हें आपोआप सुचलें असतें. विजेच्या उदाहरणांत मात्र निम्में करावयाचें नसतें, कारण तेथें आवाज एकाच दिशेनें येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे आणि त्यांना ३ नें भागावें. तितके किलोमीटर ती दूर. प्रकाशाला इतकें अंतर तोडावयास लागणारा वेळ नगण्य असतो, म्हणून तो सोडून दिला तरी चालतें. ही मोजणी ३० सेकंदांच्या आंत येत असेल तर वादळ १० किलोमीटरांच्या आंत आहे, आणि शेतांतून किंवा मैदानांतून पक्क्या घरांत येण्याची वेळ झाली आहे, असें समजावें.

विहिरीचें उदाहरण याहून सुरस आहे. कांठावरून दगड सोडला आणि २ सेकंदांनीं त्याचा ‘डुबुक’ असा आवाज कानीं आला. तर पाणी किती खोल? आवाजाला वर यावयास लागणारा वेळ सोडून दिला, तर २ सेकंदांत दगड १९.६ मीटर पडतो. पण आवाजाला तेवढें अंतर चढून यावयास सुमारें ०.०६ सेकंद लागतो; म्हणजे दगड १.९४ सेकंदच पडत होता. त्यावरून पुन्हां हिशेब केला म्हणजे खोली सुमारें १८.५ मीटर येते. हेंच आणखी एकदां केलें तर उत्तर जवळजवळ तेथेंच ठरतें. वर्गसमीकरणाच्या जंजाळांत न शिरतां, एक अंदाज घ्यावयाचा आणि त्याच अंदाजानें त्याला सुधारावयाचें, ही युक्ति मोठमोठे शास्त्रज्ञहि वापरतात. आतां येथें तिसरा प्रश्न विचारा. पाण्याला लागतांना दगडाचा वेग सेकंदाला १९ मीटर झालेला असतो. घड्याळाची कळ दाबण्यांत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा जरी मागेंपुढेंपणा झाला, तरी खोलींत जवळजवळ २ मीटरांचा फरक पडतो. म्हणजे आवाजासाठीं आपण जी दुरुस्ती केली, तिच्याहून हाताची चूक मोठी ! तेव्हां ‘१८.५५ मीटर’ असें ऐटीनें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें आपल्या वहीला फसविलें नसलें, तरी विहिरीला ओळखलेलें नाहीं. सुमारें १८ मीटर, एखाददुसरा मीटर इकडेतिकडे, हें प्रामाणिक उत्तर. दशांशस्थळें म्हणजे ज्ञान नव्हे.

३४० हा आंकडाहि कोठून आला तें विचारावें. ध्वनीचा वेग हवेच्या तपमानाबरोबर वाढतो : ० अंशांस सेकंदाला सुमारें ३३१ मीटर, आणि पुढें दर अंशाला सुमारें ०.६ मीटर अधिक. म्हणून ३४० हा १५ अंशांच्या थंड हवेचा वेग झाला. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत तोच ३५८ च्या घरांत जातो.

बल आणि ध्वनि या दोन प्रकरणांची गांठ कोठें पडते, हें पाहावयाचें असेल तर कोपऱ्यांतला तंबोरा पुढें ओढावा. तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि तिचें दर मीटरामागील वस्तुमान यांवर ठरतो. तार तीच आणि लांबीहि तीच ठेवली, तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून तंबोरा पांढरी एकवरून पांढरी दोनवर चढवावयाचा असेल, तर ताण सुमारें सव्वापट करावा लागतो. आणि पूर्ण एक सप्तक चढवावयाचें तर ताण दुप्पट नव्हे, चौपट हवा. तिसरा प्रश्न लगेच पुढें येतो : इतका ताण तार सोसेल काय ? बहुधा ती तुटेल. उलट जोडाची तार खर्जापर्यंत उतरवावयाची म्हटलें तर ताण चौथाईवर आणावा लागेल, आणि ती सैल पडून तिच्यांत नादच उरणार नाहीं. म्हणून खर्जाला जाड तार लावतात. एकाच धातूची तार दुप्पट जाड घेतली तर तिचें वस्तुमान चौपट होतें, आणि ताण तोच ठेवूनहि स्वर एक सप्तक खालीं येतो. स्त्रियांच्या उंच पट्टीसाठीं आंखूड तंबोरे कां करतात, याचेंहि उत्तर यांतच आहे. मिरजेच्या कारागिरांनीं हें पिढ्यान्‌पिढ्या हातानें आणि कानानें जाणलें. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सूत्र त्यांच्या अनुभवाला वळसा घालून जात नाहीं. तें त्यालाच थोड्या अक्षरांत बांधून ठेवतें.

शेवटीं, हिशेब अचूक असूनहि उत्तर चुकूं शकतें, याचा इतिहासांतला दाखला साक्षात् न्यूटनचाच आहे. १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथांत त्यानें ध्वनीचा हवेंतील वेग केवळ हवेचा दाब आणि घनता यांवरून गणितानें काढला. पण प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षां त्याचें उत्तर सुमारें १५ टक्क्यांनीं कमी पडलें. १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें हवेंतील कणांचा आकार आणि बाष्प यांचा आधार घेऊन ही तूट भरून काढण्याचा यत्न केला. परंतु ती जुळवाजुळव होती. पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर आधीं पाहून मधल्या पायऱ्या वांकविण्याचा मोह केवळ आपल्या मुलांनाच होतो असें नाहीं ! खरें कारण लाप्लास यानें १८१६ सालीं सांगितलें. ध्वनीच्या लहरींत हवा इतक्या त्वरेनें दाबली जाते कीं उत्पन्न झालेली उष्णता बाहेर निसटूं शकत नाहीं. त्यामुळें दाब न्यूटनच्या अंदाजाहून अधिक वाढतो, आणि लहर अधिक वेगानें जाते. १.४ च्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें १.१८ नें, न्यूटनचें उत्तर गुणिलें म्हणजे तें अनुभवाशीं जुळतें. न्यूटनचा गुणाकार चुकला नव्हता. तपमान कायम राहतें हें गृहीत चुकलें होतें. तें कोणाच्या ध्यानांत आणून दिलें, तर गणितानें नव्हे, प्रत्यक्ष मोजलेल्या ध्वनीनें.

यावरून घरांतील वडील मंडळींचें काम कोणतें तें सहज कळेल. मुलाला सूत्र सांगूं नये. चित्र काढावयास लावावें. उत्तर आल्याबरोबर ‘बरोबर आहे काय ?’ असें न विचारतां ‘असें घडेल काय ?’ असें विचारावें. उत्तर येण्यापूर्वीं अंदाज सांगावयास लावावा, आणि तो चुकला तर हंसूं नये. कारण अंदाज कां चुकला हें शोधण्यांतच शिकणें असतें. आठवड्यांतून एक उदाहरण असें सोडविलें, तरी वर्षाला पन्नास होतात. घोकलेल्या दोनशें उदाहरणांपेक्षां त्यांचें मोल अधिक आहे.

आरंभ करण्यासाठीं एक उदाहरण आम्हींच देऊन ठेवतों. २ किलोग्रॅमचा एक ग्रंथ भिंतीला टेकवून तळहातानें १०० न्यूटन बलानें आडवा दाबून धरला आहे. तो पडत नाहीं. घर्षणगुणांक ०.५ असून घर्षण केवळ भिंतीशींच आहे असें समजावें. तर घर्षणाचें बल किती ? घरांतल्या सर्वांनीं आपापलें उत्तर कागदावर लिहावें. ज्याचें उत्तर ५० न्यूटन येईल, त्याला तो ग्रंथ भिंतीवरून आपोआप वर चढतांना दाखवावयास सांगावें.